पाठमोऱ्या बायका

मे महिन्यात माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं की मी आधी नाही म्हणते, मग ऐकते. त्या वर्षी असेच दोघे आले. एक शाळेतले मास्तर, दुसरे वकिलांकडे कारकून. मी पडवीत आंब्याच्या पेट्या भरत होते. सकाळपासून वाकून कंबर धरली होती. मास्तर म्हणाले, "काकी, तुम्ही सिनेमात काम केलं होतं ना?"

"काम कसलं? डोक्यावरून आंब्याचे हारे वाहिले."

"तेच ते. त्या सिनेमाला पंचवीस वर्षं झाली."

गावातल्या शिकलेल्या मंडळींनी उन्हाळ्यात जुन्या सिनेमांचे चार-पाच दिवस करायचं ठरवलं होतं. मे महिन्यात मुंबईची माणसं गावी आलेली असतात आणि थिएटर सकाळी रिकामंच असतं, म्हणून सकाळचे खेळ. त्यात एक दिवस या सिनेमाचा, कारण त्याचा थोडा भाग मांडवीच्या पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, घेतला होता. त्यात ज्या बायका होत्या त्यांना नारळ आणि खण देऊन स्टेजवर बसवायचं होतं. आम्ही सात जणी होतो. मास्तरांनी चौकशी केली तर दोघी मुंबईला राहायला गेलेल्या, तिघी वारलेल्या आणि एकीला आता स्वतःचं घरही आठवत नाही. उरले मी.

"मला वेळ नाही," मी म्हणाले. "नारळ घरी पाठवा."

मास्तर उठलेच होते. एवढ्यात माझी पुतणी आतून आली. तिला बुरोंडीला दिलेली, पंधरा दिवसांसाठी माहेरी आलेली. हात ओलेच होते. म्हणाली, "काकी, त्यात माझी आई होती ना?"

तिची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. सिनेमाचं ते काम झालं आणि दीड वर्षाने कावीळ होऊन गेली. मुलगी आठ महिन्यांची. दीर मुंबईला गिरणीत होते, त्यांनी तिकडे दुसरं लग्न केलं. मुलगी माझ्याकडे राहिली, माझ्या तिघांत चौथी. जावेचा एकही फोटो नाही. लग्नात कुणी काढला नाही, पुढे कुणाला सुचलं नाही. पोरीने आईचं तोंड पाहिलेलं नाही. शाळेत असताना आरसा घेऊन माझ्यापुढे यायची आणि विचारायची, नाक आईचं का गो? मी म्हणायचे, नाक तुझ्या बापाचं.

तो सिनेमा रत्नागिरीत लागला तेव्हा जाऊ वारून दहा दिवसही झाले नव्हते. घरात सुतक. कोण जाणार बघायला? पुढे तो परत आला असेल तर मला कळलं नाही.

"होती," मी म्हणाले.

"मग आपण जायचं," पुतणी म्हणाली. मास्तरांनी वहीत माझं नाव लिहिलं.

तिला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, बघू, कुठेतरी थोडं दिसत असेल.

झालं होतं ते असं. आम्ही आंब्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होतो. तेव्हा माल मचव्यातून आगबोटीवर जायचा आणि मचव्यापर्यंत हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, आम्ही डोक्यावरून न्यायचो. मुंबईहून सिनेमावाले आले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, या बायका आम्हाला एक दिवस द्या. हाऱ्यात खाली पेंढा, वर आंब्याचा एकच थर. वजन काही नव्हतं, नुसतं चालायचं होतं. सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "जा, पण तोंड दाखवायचं नाही. सिनेमा मुंबईत लागणार. गिरणीतले लोक बघणार आणि खोलीवर येऊन म्हणणार, तुझी बायको बघितली रे पडद्यावर." आमच्या वाडीत सगळ्यांचेच नवरे मुंबईला, एकेका खोलीत पंधरा-पंधरा जण. त्यामुळे ते सगळ्या जणींना पटलं. मी थोरली, म्हणून व्यवस्था माझ्याकडे. मी सांगून ठेवलं, सिनेमावाल्यांचा माणूस ओरडला की समुद्राकडे तोंड करायचं.

तो ओरडला, आम्ही वळलो. त्यांचा मोठा साहेब धावत आला. "बाई, इकडून या. इकडे, कॅमेऱ्याकडे."

"येतो," आम्ही म्हटलं.

पुन्हा ओरडला, पुन्हा वळलो. असं चार-पाच वेळा झालं. जाऊ माझ्या शेजारी होती. तिला ते कॅमेऱ्याचं मशीन बघायचं होतं. म्हणाली, "वैनी, एकदा बघते ना. मला कोण ओळखणार?"

"तुझा नवरा ओळखेल."

"ओळखलं तर बरंच की. वर्षातून दोनदा बघतो मला."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. ऊन चढलं, वाळू तापली. साहेबाने डोक्यावरची टोपी काढून खाली आपटली आणि म्हणाला, "चाला, तशाच चाला." मग तसंच घेतलं.

थिएटरात आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. पुतणीने बाहेर जाताना नेसायची साडी नेसली होती, अबोली माळली होती. सिनेमाची गोष्ट मला फारशी कळली नाही. एक माणूस घर सोडून जातो आणि त्यासाठी फार वेळ लावतो. मध्यंतर झालं तेव्हा पुतणी उठलीसुद्धा नाही, मध्येच काही सुरू होईल म्हणून. त्यानंतर मांडवीची पुळण आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझं मनगट धरलं.

सात बायका समुद्राकडे चाललेल्या. सात पाठी, सात हारे. त्यातल्या एकीची चाल जरा मंद झाली. एक हात वर करून तिने हारा धरला आणि मान वळवायला लागली. कान दिसला, कानातलं दिसलं, गालाची कड दिसली. तेवढ्यात शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. ती पुढे बघायला लागली. थिएटरात लोक हसले. मग तो घर सोडणारा माणूस मचव्यात बसला.

"आता वळतील ना?" पुतणीने विचारलं.

तिने पुढचा सगळा सिनेमा वाट बघितली. बायका परत आल्या नाहीत. दिवे लागल्यावर म्हणाली, "त्यातली आई कुठली?"

"मान वळवत होती ती."

"आणि ढोसणारी?"

तेवढ्यात मास्तरांनी मला स्टेजवर बोलावलं.

मुंबईहून एक पाहुणे आणले होते, सिनेमांवर लिहिणारे. ते बराच वेळ त्या सात पाठींवर बोलले. दिग्दर्शकाने बायकांचे चेहरे न दाखवता केवढं दुःख दाखवलं, असा विचार करायला मोठं मन लागतं, असं म्हणाले. लोक माना डोलवत होते. मग मला नारळ दिला, खण दिला आणि माईक तोंडाजवळ आणला. पाहुण्यांनी विचारलं, "आजी, साहेबांनी तुम्हाला कसं समजावलं होतं?"

मान हलवून खाली उतरता आलं असतं. पण पुतणी तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बघत होती आणि मला आता लपवायचा कंटाळा आला होता. मी म्हणाले, "साहेब तोंड दाखवा म्हणून ओरडत होते. आमच्या सासऱ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी सगळ्यांना वळवलं. एक मागे बघत होती, तिला मी ढोसलं."

लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. पाहुणे म्हणाले, "किती साधी माणसं."

मी खाली आले तर पुतणी जागेवर नव्हती. मास्तरांनी जिन्याकडे बोट दाखवलं. ती वर, मशीनच्या खोलीत गेली होती. मी कठड्याला धरून वर चढले. ऑपरेटर तिला सांगत होता, "बाई, डबे दुपारच्या एस.टी.ने जायचेत. आता परत नाही लावता येत." ती हलली नाही. तो वैतागला, पण त्याने एक डबा उघडला आणि फिल्मची पट्टी ओढून खिडकीतल्या उजेडात धरली. सरकवत सरकवत एका जागी थांबला. एकेक चित्र नखाएवढं. ती डोळा जवळ नेऊन बघत राहिली. नंतर म्हणाली, "राहू दे."

"काय दिसलं?" मी विचारलं.

"हारा."

आम्ही चालत घरी आलो. भर दुपार होती, रस्त्यात कुणी नव्हतं. नारळ माझ्या पिशवीत होता.

"तिला बघायचं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आजोबांना काय कळणार होतं? ते कुठे जाणार होते सिनेमाला?"

"नाही कळलं असतं."

"मग?"

मी म्हणाले, "मग काही नाही."

ती अजून आठ दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. मी थांब म्हटलं नाही. आंब्याची पेटी बांधून दिली ती घेतली, न घेण्याइतकी ती वेडी नाही. एस.टी. सुटताना तिने मला सांगितलं, पेटीवरची दोरी सैल आहे.

गणपतीत आली नाही. शिमग्यालाही आली नाही. पुढच्या मे महिन्यात आली. जेवायला बसलो तेव्हा मीच म्हणाले, "आईचं काही विचारायचं असेल तर विचार गो. मी आता किती दिवस आहे?"

"विचारून झालंय तुला सगळं," ती म्हणाली. "मला बघायची होती."

भांडली नाही. भात मागून घेतला. नंतर मला औषध घेतलंस का म्हणून विचारलं.

सासऱ्यांचं ऐकलं त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या घरात राहायचं होतं, ऐकावं लागायचं. पण तोंड फिरवा एवढंच त्यांनी सांगितलं होतं. ढोसायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी केलं.