चिंचेखालचं बाकडं

कोणी "दोन भजी बांधून द्या" म्हणालं की मनिलाशेठ खांद्यावरचा टॉवेल काढायचे आणि समोरचं बाकडं झटकायचे. बाकडं स्वच्छच असायचं. दिवसभर त्यांचं ते पुसणं मी एस.टी. स्टँडवरच्या माझ्या चौकशीच्या खिडकीतून बघत असे. तरी झटकायचे, टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "बसा. हितं बसून खायचं. बांधून देत नाय."

गिऱ्हाईक बाकड्याकडे बघायचं, मग एकदम आपली गाडी सुटायची वेळ झाल्यासारखं करायचं आणि निघून जायचं. गाडीला अजून अवकाश आहे हे मला खिडकीत बसून ठाऊक असायचं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षांत तुम्ही महाडच्या स्टँडवर उतरला असाल, तर फाटकाबाहेरच्या चिंचेखाली ती हातगाडी तुम्ही पाहिली असेल. निदान वास तरी घेतला असेल. गाडीवर दोन कढया, एक निखाऱ्यांची शेगडी आणि एक बाटली. गाडीपुढे मात्र एवढं लांबलचक बाकडं की लग्नाची पंगत बसावी. दासगावच्या खाडीत मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या आणून त्यांनी ते स्वतः ठोकलं होतं. एवढ्याशा गाडीला एवढं बाकडं कशाला, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर त्यांची चेष्टा करायचे. ते म्हणायचे, "बाकडं गाडीसाठी नाय. माणसांसाठी हाय."

सगळा स्टँड त्यांना मनिला म्हणायचा, तोंडावर मनिलाशेठ. ते दासगावच्या बौद्धवाडीतले. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटींवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. जगातली निम्मी बंदरं त्यांनी पाहिली होती, पण बोलायचे ते फक्त मनिलाबद्दल. दुबई, सिंगापूर विचारलं की "हाय, बरं हाय" एवढंच.

मनिलात म्हणे संध्याकाळ झाली की रस्ताच स्वयंपाकघर होतो. बायका हातपंख्यानं निखारे फुलवत बसतात, काड्यांवर मासे, कोंबडी, काय काय भाजत असतं, धुरानं डोळे चुरचुरतात आणि सगळं शहर घराबाहेर येऊन खातं. तिथंच ते केळी करायला शिकले. पिकलेली केळी सोलून तेलात सोडायची, वरून साखर टाकायची, ती तांबूस होऊन केळ्याला धरली की काडीवर ओवायची. महाडात त्यांनी साखरेचा गूळ केला आणि केळं राजेळी घेतलं. दुसऱ्या कढईत करंदीची भजी, म्हणजे खाडीतल्या बारीक कोळंबीची. मनिलात भज्यांवर सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतात. इथं बाटलीत कोकमाचं आगळ, त्यात ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची. ते आगळ भज्यावर पडलं की माणूस दोन मिनिटं कोणाशी बोलत नसे.

मी वाईकडचा, एकटा, खानावळीत जेवणारा. पहिल्याच दिवशी बाकड्यावर जाऊन बसलो. यात माझं मोठेपण काही नाही. खानावळीतली आमटी तुम्ही चाखली असती तर तुम्हीही माझ्याइतकेच पुरोगामी झाला असता.

माझ्यामागून ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल बसू लागले. गावातली माणसं मात्र बसत ना. तळ्याच्या पाण्यासाठीच्या सत्याग्रहाला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती, शाळा-कचेरीत सगळे एकत्र होते, चहासुद्धा चालून जायचा. पण मनिलाशेठच्या हातचं, उघड्यावर, चारचौघांसमोर, त्यांच्या बाकड्यावर बसून? वास सगळ्यांना हवा होता. म्हणून पुडी हवी होती. अंधार पडला की कचेरीतले कारकून, दुकानदार, एखादा मास्तर हळूच यायचे आणि कागदात बांधून मागायचे. पुडी घरी गेली की ती कोणाच्या हातची, हे कोण विचारतो?

शेठना हे पक्कं कळत होतं. म्हणूनच पुडी नाही.

यावरून नवरा-बायकोचं रोज वाजायचं. वहिनी गाडीवर त्यांच्याबरोबर उभ्या असायच्या, पीठ कालवायच्या, माठ भरून ठेवायच्या. नवरा समुद्रावर असताना या बाईनं एकटीनं घर ओढलेलं. त्या मला साक्षीला धरायच्या. म्हणायच्या, चार पुड्या बांधल्या तर यांचं काय जातं? माल उरतो, तो संध्याकाळी वाडीत वाटावा लागतो. शेवटी शेठनी त्यांना कबूल केलं होतं की शिमग्यापर्यंत बघायचं. बाकडं भरलं तर ठीक, नाही तर गाडी विकून पुन्हा बोटीवर जायचं. वहिनींना पुड्या हव्या होत्या त्या पैशासाठी नव्हेत, हे मला तेव्हा उमगलं. त्यांना नवरा घरी हवा होता.

एकदा मी शेठना विचारलं की एवढा हट्ट कशासाठी. ते थोडा वेळ शेगडीतली राख झाडत राहिले.

"सायेब, मनिलात मी पयल्यांदा असा बाकड्यावर बसलो. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला एक बाई. चांगली मोठ्या घरची, गळ्यात मोती. मला सिरका पायजे होता. मी हात केला, तर तिनं खाता खाता बाटली माझ्याकडं सरकवली. माझ्या तोंडाकडं बघितलंसुदा नाय." ते हसले. "कोण, कुठला, काय नाय. नुसती बाटली सरकवली. मला इतकं बरं वाटलं, सायेब. ते मला माझ्या गावात पायजे."

मी आणखी चार भजी मागितली. 

शिमगा तोंडावर आला. महाशिवरात्रीच्या दिवशी दुपारी माणगावच्या पुढं रस्त्यात ट्रक आडवा झाला आणि पोलादपूरकडे जाणारी गाडी अडकली. स्टँडवर वकिलीणबाई होत्या. गावातल्या मोठ्या वकिलांच्या पत्नी, वय झालेलं, कडक सोवळ्याच्या. पोलादपूरला दिलेल्या मुलीकडे निघाल्या होत्या. पोटी उपास, डोक्यावर ऊन. तीनदा माझ्या खिडकीशी येऊन गेल्या. कॅन्टीनमधली साबुदाण्याची खिचडी कधीच संपली होती. चौथ्यांदा त्या माझ्याकडे आल्या नाहीत, सरळ फाटकाबाहेर गेल्या. मी खिडकीवर 'थांबा'ची पाटी लावली आणि मागोमाग गेलो.

"दोन केळी बांधून दे," त्या म्हणाल्या.

वहिनींनी कागद उचललासुद्धा. शेठनी टॉवेल काढला आणि बाकडं झटकलं.

"बसा, वकिलीणबाई. हितं बसून खायचं."

आवाज नेहमीचाच होता, पण टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकायला ते विसरले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. बाकड्यावरचे दोन हमाल उठून उभे राहिले. ते शेठना आवडलं नाही, त्यांनी हातानंच त्यांना खाली बसवलं.

वकिलीणबाईंनी बाकडं बघितलं, कढया बघितल्या. तेल कसलं विचारलं. शेंगदाण्याचं. भजी याच कढईत तळतोस का, विचारलं. नाही, केळ्याची कढई वेगळी. मग त्या सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "केळं म्हणजे फळ. फळाला काही होत नाही." आणि लुगडं सावरून हमालांशेजारी बसल्या.

वकिलाच्या घरात इतकी वर्षं काढली होती बाईंनी. कायद्यात वाट कुठं ठेवलेली असते हे त्यांना बरोबर माहीत होतं.

एक केळं खाल्लं, दुसरं खाल्लं. गूळ घशाला लागला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. पिशवीतला तांब्या रिकामा होता. केळं फळ असतं, पण पाणी पाणीच असतं. पाणी मागणं म्हणजे काय, हे महाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. 

"पाणी दे गं बाई," त्या वहिनींना म्हणाल्या.

वहिनींनी माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. वकिलीणबाई तो गटागटा प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी घालावा." मग गाडी आली आणि त्या गेल्या.

शेठ चिंचेच्या पलीकडे जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. वहिनी मला म्हणाल्या, "धूर गेला आसल डोल्यात." शेगडीत तर निखारे लालबुंद होते, धुराचा पत्ता नव्हता.

नंतर गावानं तो 'फळा'चा कायदा उचलून धरला. कारकून आले, दुकानदार आले, बाकड्यावर बसून मोठ्यानं "आम्ही फक्त केळं" म्हणू लागले. मला त्याचा राग यायचा. मी शेठना म्हणालो, ही ढोंगं आहेत. ते म्हणाले, "कशासाठी बसतात ते आपण नाय इचारायचं, सायेब. बसतात ना?" आणि खरंच, शेजारी भजी तळत असताना नुसतं केळं खाऊन उठणं हे माणसाच्या हाताबाहेरचं आहे. पाडव्याच्या सुमाराला कचेरीतला एक बेलिफ करंदीची भजी हाणत होता. शेजारच्या हमालानं हात पुढं केला आणि बेलिफानं खाता खाता, वर न बघता, आगळाची बाटली त्याच्याकडे सरकवली. शेठनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. काही घरं मात्र कधीच बसली नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

शिमगा झाला, पाडवा झाला आणि शेठ बोटीवर गेले नाहीत. पुढं माझी बदली झाली.

दहाएक वर्षांनी कामासाठी महाडला उतरलो. चिंचेखाली आता गाड्यांची रांगच लागली होती. कणसं, भुर्जी, भेळ, आणि संध्याकाळच्या धुरात बायकापोरांसकट माणसं खात उभी होती. जुन्या गाडीवर वहिनी एकट्या होत्या, केस पांढरे झालेले. शेठ दोन पावसाळ्यांमागं गेले, त्यांनी सांगितलं. घरातच गेले, झोपेत. हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि ते घरात गेले याचं समाधानही होतं.

बोलता बोलता त्यांनी गिऱ्हाइकांना चार पुड्या बांधून दिल्या. मी बघतच राहिलो.

"आता बांधते मी," त्या म्हणाल्या. "आता कोन चोरून नाय नेत. घरात म्हातारी मानसं असतात, त्यांना नेतात."

माझी गाडी लागली होती. मी म्हटलं, वहिनी, मलाही द्या बांधून, घरी नेतो.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बाकडं झटकलं. "तुमाला नाय. तुमी बसा."

मी बसलो. गाडी सुटली तर सुटली. भजी समोर आली, मी बाटलीसाठी हात केला. शेजारी एक बाई बसल्या होत्या, कोण, कुठल्या, देव जाणे. त्यांनी खाता खाता, माझ्याकडे न बघता, बाटली माझ्याकडे सरकवली.