बॉनेटवरचा पंजा

माणूस जातो, पण त्याचा स्पर्श मागे राहतो... असं शोकसभांमध्ये बोलतात. आमच्या घरी ते अक्षरशः खरं होतं. माझ्या बायकोचा, मंदाचा, स्पर्श आमच्या गाडीच्या बॉनेटवर डाव्या बाजूला राहिला होता आणि त्याचं कारण चुना होता.

मी असल्या गोष्टी कधीच मानल्या नाहीत. वसमतला कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे मेलेल्या लोकांशीच रोजचा व्यवहार. त्यांतलं कोणी कधी वर्गात आलं नाही. तरी हे लिहितोय, कारण एक साक्षीदार आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही लाल रंगाची छोटी गाडी घेतली. दारात थाटामाटात पूजा झाली – नारळ, चाकांखाली लिंबं, माझ्या मेव्हण्याचं, दिलीपचं, भाषण. मंदानं हळदीत चुना कालवून बॉनेटवर पंजा उठवला. तो पुसायचा नसतो म्हणे. गाडी तशीच उन्हात उभी राहिली आणि चुन्यानं रंग खाल्ला. हळद उडून गेली, पण पाच बोटांचा फिकट ठसा राहिला. निवडणुका आल्या की लोक विचारायचे, "काय सर, औंदा कोणाचा प्रचार करून राहिले?" मंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अहो, पुसून टाका ना ते," असं ती दर दिवाळीला म्हणायची. मी दर दिवाळीला हो म्हणायचो.

पुढे काही वर्षांनी ती गेली. "रडा सर, मोकळं वाटंल," असं बरेच जण सांगून गेले. मी प्रयत्न केला. काही आलं नाही. चहा प्यायचो, पेपर वाचायचो, पण पेपरात काय होतं ते आठवायचं नाही. गाडी अंगणात धूळ खात होती. शेवटी दिलीपनंच डोंगरकडा गावचं एक गिऱ्हाईक आणलं.

"गाडी पसंत हाय त्याला, दाजी. पण तेवढा पंजा घालवा म्हणला."

"बॉनेट रंगवून टाक मग."

"न्हाई न्हाई. रंगवलेली गाडी ठोकलेली वाटती. पॉलिशच करा लागंल."

दिलीपचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. पॉलिश म्हणजे तो लोखंड घासायच्या ग्राइंडरला लोकरीची गादी लावायचा. ग्राइंडरला एकच वेग, तोही राक्षसी. एका डॉक्टरांच्या गाडीचा कोपरा त्यानं पत्र्यापर्यंत जाळला होता. म्हणून मी वाचून काढलं आणि नांदेडहून वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशिंग मशीन आणलं, सोबत फोमच्या गाद्या.

"पुस्तक वाचून गाडी घासता का, दाजी?" दिलीप हसला. "घासा, घासा. पत्रा दिसला की मला बोलवा."

या कामातली एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. ओरखडा भरून निघत नाही. आजूबाजूचा रंग घासून त्याच्या पातळीवर खाली आणायचा असतो, म्हणजे तो दिसेनासा होतो.

एका दुपारी टपापासून सुरुवात केली. कडांना चिकटपट्टी, गादीवर थोडी रबिंग कंपाउंडची पेस्ट, आधी हळू फिरवून पसरायचं, मग वेग वाढवायचा. गादी सपाट ठेवायची, एका जागी थांबायचं नाही. बरं वाटत होतं असं नाही. पण काही वाटतही नव्हतं, आणि या कामाला तेवढं पुरतं. पंजा शेवटाला ठेवला.

बॉनेटवर आलो तेव्हा शेजारच्या शांताबाई कुंपणापाशी आल्या. मंदाची आणि त्यांची रोजची ऊठबस.

"सर, तुमच्याकडं लाईट हाय का? आमचा मिक्सर बंद पडला."

मी मागे बघितलं. घरातला पंखा थांबलेला. व्हरांड्यातल्या ज्या बोर्डाला मशीन जोडलं होतं, त्यावरचा दिवाही गेलेला. लोडशेडिंगची रोजचीच वेळ होती. आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता.

मशीन चालू होतं.

"मग हे काहून चालून राहिलं?" शांताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गादी करंगळीपर्यंत आली होती. नको, असं मला पहिल्यांदाच वाटलं. गिऱ्हाईक गेलं उडत, हा पंजा राहू द्यावा. मी बटन बंद केलं. मशीन थांबलं नाही. उचलायला गेलो तर उचलेना.

"पिन काढा," मी ओरडलो.

शांताबाई व्हरांड्यात गेल्या आणि वायर ओढत बाहेर आल्या. "पिन माझ्या हातात हाय, सर."

दोघंही बघत राहिलो. करंगळी गेली, मधली बोटं गेली. शांताबाई जराही घाबरल्या नव्हत्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "बाईंची लई मनशा होती ते पुसायची. चालून राहिलंय तवर करून घ्या."

अंगठा गेला आणि मशीन आपोआप थांबलं. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं, पण घासल्यावर ते होतंच.

गिऱ्हाईक आलं, गाडी घेऊन गेलं. नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं.

नंतर मी मशीन मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं आणि घडलं तसं सांगितलं. त्यानं ते खोलून उलटंपालटं केलं. "मशीन बराबर है, सर. कार्बन घिस गए थे," म्हणाला आणि मोटारीतले झिजलेले कार्बन ब्रश बदलून दिले. मला आजवर याहून बरं स्पष्टीकरण मिळालेलं नाही. तेव्हापासून मशीन फक्त विजेवर चालतं.