डाव्या गालाचे तीन ब्रश

माझ्या सासऱ्यांचा दाढीचा ब्रश मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, भांडी घासायचं काहीतरी चुकून बाथरूममध्ये आलंय. केस झिजून बोटाच्या पेराएवढे उरलेले, आणि उरलेले असे ताठ की आमच्या शेगडीवरचा तीन वर्षांचा थर त्यांनी एका दमात काढला असता. पुढे काढलाही, पण ते बायकोला अजून माहीत नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही शहरात गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो आणि सासरे, म्हणजे माझे मामा, नामपूरहून उपचारासाठी आले होते. गावी एका सकाळी चूळ भरताना पाणी त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. तोंड वाकडं झालं आणि डाव्या गालाला स्पर्शच कळेना. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, वेळ लागेल. रोज व्यायामाला यायचं आणि घरी गालावर आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ असं काहीतरी फिरवत राहायचं. अगदी मऊ स्पर्श कळायला लागला की गावी जायला मोकळे.

मामांना गावी जायची घाई होती. तिकडे त्यांची कांद्याची चाळ, म्हणजे बांबूच्या भिंतींची ती लांबलचक कोठी, छपरापर्यंत भरलेली. दमट हवेत एक कांदा सडला की शेजारचे दहा सोबत घेऊन जातो. रोज कोणीतरी वास घेत फिरावं लागतं, आणि मामांच्या मते अख्ख्या बागलाण तालुक्यात त्या कामाचं नाक एकच होतं. ते सध्या आमच्या गॅलरीत बसून पेपर वाचत होतं.

खरखरीत म्हणून त्यांचा ब्रश होताच. मऊ शोधायला आम्ही मेन रोडवरच्या एका कटलरीच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी चार ब्रश काउंटरवर मांडले. मामांनी एकेक तळहातावर घासून पाहिला. चाळीस वर्षं कांदा निवडलेला तो तळहात. चुलीतून बाहेर पडलेला निखारा मामांनी त्याच हाताने उचलून परत आत ठेवलेला मी पाहिलाय, आणि ठेवण्याआधी मध्येच थांबून त्यांनी मला विहिरीच्या पाण्याची सगळी हकिकत सांगितली होती. त्या हाताला काय कळणार?

"चारी सारखेच शेतस," मामा म्हणाले. "त्यातला कडक द्या. टिकेल तरी."

"मामा, आपल्याला मऊ हवाय."

"त्या गालाला काय कळतं, जवाईबापू? गोणपाट लावा नाही तर लोणी लावा."

उजवा गाल चांगला होता, पण त्यावर दोन दिवसांचे खुंट. म्हणजे गाल उरला माझा. मी एक ब्रश उचलून गालावर फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"साहब, सूखा ब्रश सबको काटता है," चाचा म्हणाले. "भिगोके देखो." त्यांनी पेलाभर गरम पाणी पुढे ठेवलं.

मग खरी परीक्षा झाली. नायलॉनचा भिजूनही जसाच्या तसा, सरकारी नोकरासारखा ढिम्म. केसांचा होता तो पाणी पिऊन फुलला आणि टोकांशी नरम झाला, पण दाबला की आत कणा होता. तो मधला म्हणून घेतला. सर्वांत मऊ सापडेपर्यंत मी दुकानातला प्रत्येक ब्रश दोन्ही गालांवरून फिरवला. शेवटी एक लहानसा, अगदी मऊ सापडला आणि चाचांनी बाकीच्यांवर दोन्ही हात पसरले. तोवर माझे गाल असे लाल झाले होते की समोरचा फळवाला माझ्याकडे पाहून डाळिंबाचा भाव बदलू लागला.

मग रोज सकाळी गॅलरीत खुर्ची. मामा डोळे मिटून, गळ्यात टॉवेल. मी फेस करून ब्रश फिरवायचो आणि विचारायचो, "कळलं का?" आठवडाभर नाही. मग एका सकाळी जुन्या ब्रशाला ते म्हणाले, "मुंगी चालल्यासारखं होतं." पुढे मधलाही कळू लागला. मऊपाशी मात्र गाडी अडली. आणि एक दिवस अचानक, "कळलं." दुसऱ्या दिवशीही कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"बाबा खोटं बोलतायत," बायको स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली. "माझ्या लहानपणी औषध घेतलं म्हणून सांगायचे आणि तुळशीत ओतायचे. तुळस पार गच्चीला लागली होती."

चौथ्या दिवशी मी ब्रश गालापासून दोन बोटं लांब धरला, कोरडाच. "कळलं का?"

"कळलं. मऊ शे."

मी ब्रश त्यांच्या हातात दिला. मामांनी डोळे उघडले, कोरड्या केसांवरून अंगठा फिरवला. मग खाली रस्त्याकडे पाहिलं.

"चाळ सडते रे तिकडं," ते म्हणाले. मी जावई झाल्यापासून मला रे म्हणाले ते त्या दिवशीच. मग उठून पिशवीतले कपडे त्यांनी स्वतःच खुंटीवर टांगले.

त्यानंतर मी विचारणं सोडलं. रोज गरम पाणी, रोज तिन्ही ब्रश, गप्पा चाळीच्या. जुना, मधला, मऊ. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी आमचा सिलिंडर संपला आणि पाणी तापलं नाही. मला ऑफिसची घाई. दोन ब्रश झाले, मऊ ब्रश नळाच्या पाण्यात बुडवून मी डाव्या गालावर टेकवला.

"पानी गार शे," मामा म्हणाले.

माझा हात थांबला. ते डोळे मिटूनच होते.

"तोच का हा? लहाना, मऊ?"

"तोच."

"आखो एकडाव फिराव."

मी आणखी एकदा फिरवला. त्यांनी पुन्हा फिरवायला सांगितलं. उजवीकडे मला जाऊच देईनात. बायको दारात येऊन उभी राहिली, आणि मी जिल्ह्यातल्या सगळ्या दुधाच्या टँकरांना पुरेल इतका फेस त्या एका गालावर केला. मामांच्या ओठाचा डावा कोपरा थोडासा हलला. थोडासाच. यात मी कणभरही वाढवून सांगत नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मोकळं केलं. पिशवी भरताना मामांनी मऊ ब्रश कपड्यांच्या मध्ये ठेवला आणि जुना माझ्या हातात दिला. "याले तुम्ही वापरा. तुमची दाढी अजून कोवळी शे."

मी दाढीला वापरून पाहिला, एकदाच. नंतर त्याला शेगडी दाखवली.