सात नंबरचं बाहुलं

चिखलीत बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिलकिसचं गेम पार्लर होतं. पार्लर आपलं म्हणायला. दहा बाय बाराची खोली, एक जुना डबा टीव्ही, एक खडखडणारा कूलर आणि नवऱ्यानं मुंबईहून सेकंडहँड आणलेलं गेमचं एक पांढरं यंत्र. नवरा मोईज औरंगाबादला कंपनीत लागला आणि दुकान बिलकिसच्या गळ्यात पडलं. बाईमाणसानं गेमचं दुकान चालवायचं म्हणून गल्लीनं वर्षभर नाकं मुरडली. मग मुरडून मुरडून थकली. बाई फटकळ होती. खेळताना कोणी शिवी दिली की ती सरळ टीव्ही बंद करायची, मग तो गडी जिंकत आलेला का असेना.

त्या यंत्रात खेळायचं तर आधी स्वतःचं बाहुलं बनवावं लागे. नाक, डोळे, भुवया, मिशी, टोपी, गालावरचा तीळ, सगळं निवडून निवडून. बिलकिसचा या कामात हातखंडा. माणसाकडे एकदा बघायची आणि पाच मिनिटांत तो पडद्यावर उभा. आणि एकदा बनलं की ते बाहुलं यंत्रातल्या सगळ्या खेळांत हजर! टेनिसात तेच, बोलिंगमध्ये तेच, होडीतही तेच. तुम्ही घरी जेवत बसलेले असा, दुसऱ्या कोणाच्या खेळात तुमचं बाहुलं प्रेक्षकांत उभं राहून टाळ्या वाजवत असतं. कोण कुठल्या खेळात उगवेल ते यंत्र ठरवी, बिलकिसच्या हातात ते नव्हतं. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

दोन हजार बाराचा मे महिना. कपाशीच्या बीटी बियाण्यांत त्या साली एकाच वाणाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, धवलराजा. आदल्या वर्षी बाकीच्या वाणांवर लाल्या रोग पडून पानं जळाली होती आणि धवलराजावाल्यांची बोंडं तेवढी बऱ्यापैकी फुटली होती. मग काय, जो तो तेच मागायला लागला. बिलकिसच्या शेजारच्या कृषी केंद्रात चाळीस पाकिटं येणार होती. माणशी दोन, म्हणजे वीस माणसांपुरती. एकविसाव्याने घरी जायचं.

माल येण्याच्या दोन दिवस आधीपासून रांग लागली. चव्वेचाळीस डिग्रीत माणसं उभी राहणार कशी? त्यांनी नेहमीची रीत केली. रांगेत चपला ठेवल्या, स्वतः सावलीला बसले. आणि सावली म्हणजे बिलकिसचा कूलर. नाही म्हणणं तिला जमलं नाही, कारण सातवी चप्पल तिच्या अब्बाची होती.

अब्बा म्हणजे रहेमतुल्ला. गावाकडे दोन एकर कोरडवाहू, उजवा गुडघा कामातून गेलेला, पाच वेळचा नमाजी. लेकीच्या दुकानात आला की दारात खुर्ची टाकायचा, ती कायम टीव्हीकडे पाठ करून. दुकानाला त्यानं कधी नावं ठेवली नाहीत, पण पडद्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या बिलकिसनं रांगेतल्या एकेकाची बाहुली करायला घेतली. फुकटात. त्या यंत्रात इंग्रजीतच नावं देता येत, म्हणून तिनं नावाच्या जागी चपलांचे नंबर टाकले. एक नंबर शेषराव, मिशीसकट. सहा नंबर सोजराबाई. तिनं आपलं नाक तीनदा बदलून घेतलं. एकवीस नंबर शंकरराव, बागायतदार, गळ्यात सोन्याची साखळी. यंत्रात साखळी नव्हती म्हणून ते रुसले. सगळे मोठे लोक, पण स्वतःला टीव्हीत बघून असे हरखले, की रांग कशासाठी आहे तेच विसरले.

सातव्या नंबराला अब्बानं हात वर केला.

"माही तस्वीर नको बनवू, बेटा."

"अब्बा, खेळच हाये. मतदानाच्या कार्डावर नाही का तुमचा फोटू?"

"तो सरकारनं काढला, मजबुरी होती. हे तं तू आपल्या हातानं माणूस घडवून राह्यली. ते काम अल्लाचं. मले नाही चालत. नंबर रिकामा ठेव."

सगळ्यांच्या देखत झालं हे. बिलकिसनं मान डोलावली आणि आठवा चेहरा घेतला.

पण दुपारी अब्बा जोहरच्या नमाजाला गेले, बाकीचे पेंगत होते, आणि तिच्या बोटांना राहवलं नाही. टोपी, पांढरी दाढी, जाड भुवया. चेहरा बघायची गरजच नव्हती, पाठ होता. नंबर दिला सात. मग तिनं त्याला टेनिसात घेतलं. आणि अब्बा धावले! या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही गुडघे धड असल्यासारखे धावले. ती एकटीच हसली, आणि मग तिला रडू आलं. आपण वडलांचा शब्द मोडला हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि पुसवत नव्हतं.

संध्याकाळी शंकरराव बोलिंग खेळायला उभे राहिले. मागं प्रेक्षकांत बाहुल्यांची गर्दी, आणि त्यात एक टोपीवाला जोरजोरानं टाळ्या वाजवत होता.

"हा टोपीवाला कोण बे?" शंकररावांनी मोठ्यानं विचारलं.

"असतात आधीच्या गिऱ्हाइकांची," बिलकिस घाईनं म्हणाली. दारात अब्बा होते, पाठ करून. सोजराबाईनं मात्र पडद्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि तोंडात तंबाखूची चिमूट टाकून गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला माल आला आणि त्याच्या पाठोपाठ पाण्याचा टँकर. मागं घेताना त्याचा पाइप निसटला. पाण्याचा लोट आला तो थेट चपलांवर. बायकांनी भांडी घेऊन धाव घेतली, पुरुषांनी चपलांमागे धाव घेतली, आणि दोन मिनिटांत एकवीस जणांची रांग नालीत वाहून गेली.

मग जे व्हायचं ते झालं. जो तो पाचवा, जो तो तिसरा. कोणीतरी कोणाची गचांडी धरली. कृषी केंद्राचा मुनीम उद्धव शटर अर्धं खाली ओढून ओरडला, "भांडान तं माल परत पाठवतो! मले रांग दाखवा, मंग पाकीट."

"रांग बिलकिसच्या टीव्हीत हाये ना!" शेषराव म्हणाला. "नंबर टाकून हाये, तोंडासकट!"

सगळ्यांना पटलं. उद्धवलाही पटलं. तो वही घेऊन बिलकिसच्या दुकानात शिरला, मागून अख्खी रांग. साडेदहा झाले होते. त्या दिवशी दुरुस्तीसाठी अकराला लाइट जाणार होती ती थेट पाचला येणार होती, अकराच्या आत निकाल लागायला हवा होता.

बिलकिसनं रिमोट हातात घेतला. एक, शेषराव, उद्धवनं मिशी पडताळून नाव लिहिलं. दोन. तीन. एकेक बाहुलं पुढं येऊन हात हलवी, आणि तो तो माणूस गर्दीतून "हाव, मीच" म्हणे. चार. पाच. सहा, सोजराबाई.

"आता सात रिकामा," शंकरराव पुढं सरसावले. "चाच्यानं बनवूच देलं नाही, सगळ्याईनं ऐकलं. वाईट नका वाटून घेऊ चाचा, पण तुमी रांगेत नाही. सगळे एकेक नंबर पुढं सरका."

एकेक नंबर पुढं सरकलं की एकविसावे शंकरराव विसावे होणार होते. हिशेब अगदी सरळ होता आणि माणूस तो लपवतही नव्हता.

अब्बा दारात उभे होते. आज पाठ नव्हती. "बरोबर हाये त्याइचं," ते म्हणाले, "मी नाही त्यात." आणि गुडघ्यावर हात ठेवून वळायला लागले.

बिलकिसला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. बटण दाबलं नाही तर अब्बाचं बियाणं गेलं, वर्ष गेलं. दाबलं तर एवढ्या लोकांसमोर अब्बाला कळणार, की सख्ख्या लेकीनं शब्द मोडला. कूलर खडखडत होता. घड्याळात अकराला वीस कमी होते. तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

टोपी, पांढरी दाढी, जाड भुवया. सात नंबर पुढं आला आणि हात हलवू लागला.

"हे आत्ता बनवलं!" शंकररावांचा आवाज चढला. "बापासाठी लबाडी! हिच्या टीव्हीवर काय भरोसा? सगळे नंबर खोटे!"

"आत्ता काऊन?" सोजराबाई खेकसली. "काल तुमी बॉल टाकून राह्यले होते, तवा हाच मागं टाळ्या वाजवून राह्यला होता. आन तुमीच इचारलं, हा टोपीवाला कोण बे. इचारलं का नाही?"

दोघंतिघं हसले. विचारलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

पण शंकरराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "कालचं असंन. पण तो चाचाच हाये कशावरून? चाच्यानं तं नाही म्हटलं होतं. टोप्या काय एकाच माणसाच्या डोक्यावर असतात?"

उद्धवनं पेन थांबवलं. "चाचा, तुमीच सांगा. हे तुमी हाये का नाही?"

आता सगळं त्या एका शब्दावर आलं. नाही म्हटलं तर लेक चारचौघांत खोटी ठरणार, तिच्या टीव्हीवरची सगळी रांग खोटी ठरणार. हाव म्हटलं तर साठ वर्षं जे पाळलं ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सोडल्यासारखं होणार. रहेमतुल्लानं लेकीकडे बघितलं. तिला ती नजर सोसवेना. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून त्या पडद्याकडे नीट बघितलं. बाहुलं आपलं हात हलवतच होतं.

"हाव," ते म्हणाले. "मीच हाये. माह्या पोरीनं बनवलं. कालच बनवलं असंन, माही पोरगी लबाडी नाही करत."

उद्धवनं नाव लिहिलं. आठ, नऊ, दहा भराभर सरले. विसावं नाव लिहिलं तेव्हा अकराला पाच कमी होते. शंकरराव निघून गेले.

दुकान रिकामं झालं. दोन पाकिटं पिशवीत घेऊन अब्बा पुन्हा आत आले. बिलकिस टीव्हीसमोर उभी होती, डोळे गळत होते.

"अब्बा, माफ करा. माह्यानं राहवलं नाही. तुमचे गुडघे... टेनिसात तुमी पळता, अब्बा. पहिल्यासारखे पळता."

म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "दाखव."

तिनं टेनिस लावलं. सात नंबर धावला, वाकला, त्यानं उसळून चेंडू मारला. रहेमतुल्लाचा हात नकळत स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला. एक गुण झाला, दोन झाले. चेहऱ्यावर हसू येता येता थांबलं.

"बस," ते म्हणाले. "बियाणं मिळालं, तुही बातही राह्यली. आता पुसून टाक, बेटा. मी दिसलो पाह्यजे तं माणसांत दिसीन, यात नको."

तिनं बटणाकडे बोट नेलं आणि लाइट गेली. पडदा काळा झाला, कूलर खडखडत थांबला.

"लाइट आली का पुसजो," अब्बा म्हणाले. पिशवी उचलली, लंगडत स्टँडकडे गेले. मागे वळून बघितलं नाही.

पाच वाजता लाइट आली. बिलकिसनं दार लोटून घेतलं आणि यंत्र लावलं. सात नंबर उभा होता. आता हे फक्त तिच्यात आणि त्या यंत्रात होतं. न पुसता ठेवलं असतं तर कोणाला कळणार होतं? अब्बा तर पडद्याकडे पाठ करूनच बसतात. तिनं त्याला एकदा बोलिंगला नेलं, एकदा होडीत बसवलं. मग यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं? तिच्या तोंडून हुंदका निघाला, आणि तिनं हो दाबलं. सहानंतर आठ आला.

जूनच्या अखेरीस पेरणी आटपून अब्बा आले. दुकानात शेषराव टेनिस खेळत होता. बिलकिस चहा आणायला दुकानामागच्या घरात गेली. पुसलं, हे कसं सांगावं, की विचारायची वाट बघावी, याची तिच्या मनात घालमेल चालली होती.

ती कप घेऊन बाहेर आली. अब्बानं खुर्ची ओढून टीव्हीसमोर ठेवली होती, पडद्याकडे तोंड करून. प्रेक्षकांत सोजराबाई टाळ्या वाजवत होती, शंकररावही वाजवत होते. अब्बा आरामात पाय लांब करून बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

"शेषराव," ते म्हणाले, "डावीकडं पळ ना बे."