गच्चीवरची यॉट

आमच्या ब्लॉकमध्ये समुद्राशेजारी वाढलेली मी एकटीच. माहेर रत्नागिरीचं, खाडीच्या तोंडाशी. लग्नानंतर यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे भोपाळला आले आणि गोविंदपुऱ्याजवळच्या टाउनशिपमध्ये, भोंग्याच्या तालावर स्वयंपाक करायला शिकले.

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये ड्रॉइंग ऑफिसातले एक गृहस्थ राहत. मूळचे नागपूरचे, चाळिशी उलटलेले, एकटे. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. मोठ्या तलावावर ते शिडाची होडी चालवायला शिकले होते आणि रविवारी यांनाही सोबत नेत. त्यांचा एक वर्गमित्र ओमानमध्ये सलाल्याला नोकरी करत होता. त्याची अठ्ठावीस फुटी यॉट गोव्यात पडून होती, ती त्याला तिकडे हवी होती. भाऊजींनी आणि यांनी ठरवलं की दिवाळीनंतर ईशान्येचा वारा धरला की आपण दोघांनी ती न्यायची. बारा-तेरा दिवसांचा प्रवास.

वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर समुद्राचे नकाशे पसरलेले असत. ताटं आम्ही जमिनीवर घेत होतो. शिधा आणि पाणी माझ्याकडे होतं. काडेपेट्या मेणात बुडवून ठेवा, पोहे सुती पिशवीत नकोत, असं मी सांगे आणि भाऊजी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, म्हणजे दोघांचं सहा, हा हिशेब मीच घालून दिला. खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडले होते.

गणपती गेल्यावर भाऊजींनी सरावाची कल्पना काढली. ब्लॉकच्या गच्चीवर त्यांनी चुन्याने यॉटचा आराखडा काढला, अगदी मापात. दोन झोपायच्या जागा, चूल, पाण्याचे डबे, मागे सुकाणू म्हणून झाडूचा दांडा. शनिवार-रविवार दोघांनी त्या रेषांच्या आत राहायचं, पाळीपाळीने जागायचं. पितृपक्ष चालू होता, मी म्हटलं आठवडाभर थांबा. भाऊजी म्हणाले, ही सुरुवात नव्हे, नुसती तालीम.

शनिवारी मजाच वाटली. मी टोपलीतून जेवण रेषेपलीकडे ठेवत होते. खालच्या मजल्यावरच्या भाभी मला विचारून गेल्या, "दोनों साहब छत पर क्या कर रहे हैं?" मी सांगितलं, पूजा आहे.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास चहा घेऊन वर गेले. ऊन रखरखीत होतं, वाऱ्याची झुळूक नव्हती. हे आपल्या जागेत कुशीवर झोपले होते. भाऊजी दांडा धरून बसले होते आणि दर थोड्या वेळाने तो इंचभर हलवत होते, समोरून काहीतरी येतंय आणि त्याला वाट द्यायचीय असे. मी रेषेच्या बाहेर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तिथे उभ्या राहू नका. तिथे फार खोल आहे."

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. कारण त्याच क्षणी मला वास आला. ओहोटीचा, उघड्या पडलेल्या चिखलाचा आणि शेवाळाचा वास. तो वास मी लहानपणापासून ओळखते, त्यात माझी चूक होणार नाही. भोपाळच्या गच्चीवर, सप्टेंबरच्या उन्हात, तो माझ्या अंगावरून गेला आणि विरला.

भाऊजींच्या मांडीवर वही उघडी होती. प्रवासाची रोजची नोंद कशी ठेवायची याचा तो सराव होता. एकेका दिवसात ते आठवडाभराचं लिहीत होते. मी वाकून वाचलं. सहाव्या दिवसापर्यंत 'आम्ही' होतं: आम्ही शीड उतरवलं, आम्ही पिठलं केलं. सातव्या दिवसापासून 'मी' होतं. मी सुकाणूवर. मला झोप नाही. आणि खाली: पाणी, तीन लिटर.

"भाऊजी, हे कुठे आहेत यात?"

त्यांनी पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, दुसऱ्याच कोणाचं अक्षर वाचत असावेत असा गोंधळ होता. "काय जाणे, वहिनी," ते म्हणाले. "मी तर जे दिसतंय ते लिहितोय."

मी चहा खाली ठेवला, रेष ओलांडली, यांना दंडाला धरून उठवलं आणि खाली घेऊन आले. हे चिडले, तालीम मोडली म्हणाले. घरी पाणी पिऊन जरा शांत झाल्यावर त्यांनी सांगितलं की काल रात्री पाळी बदलताना भाऊजींना त्यांनी तीन-चारदा हाक मारली होती. अगदी शेजारी बसून. भाऊजींनी मान वळवली नाही. "मला वाटलं, तोही सरावाचाच भाग असेल."

माझ्या हट्टापायी यांनी रजा नामंजूर झाल्याचं कारण सांगितलं. भाऊजींनी एकदाही आग्रह केला नाही. नोव्हेंबरात ते एकटेच निघाले. पंधरा दिवस मी सकाळी देवापुढे दिवा लावताना दिवस मोजत होते, आणि सातवा दिवस इतर दिवसांसारखाच गेला. मग सलाल्याहून तार आली की यॉट पोचवली, ते सुखरूप आहेत.

विमानाने परतल्यावर ते भेटायला आले, माझ्यासाठी तिकडचा लोबान घेऊन. दाढी वाढली होती, तळहात सोलले होते. वाऱ्याबद्दल, माशांबद्दल यांच्याशी भरभरून बोलले. हे आत गेल्यावर मी विचारलं, सातव्या दिवशी काय झालं.

"ते पान मी कोरं ठेवलं," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना उतरवून नेलंत ते बरं केलंत." यांना मी ते कधीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी नागपूरला बदली मागून घेतली.

आता आम्ही भोपाळातच, कोटरा सुल्तानाबादला राहतो. हे निवृत्त झालेत, धडधाकट आहेत. मध्यंतरी टीव्हीवर कुठल्याशा समुद्राची बातमी चालली होती, तेव्हा ते एकदम म्हणाले, "तू मला जाऊ द्यायला हवं होतंस."

मी म्हटलं, "हो." आणि तेवढं बोलून दोघंही बातमी पाहत राहिलो.