‘सा’च्या पिंजऱ्याला ‘सा’ची बाटली

कप आधी खाली ठेवा. माझा हा पराक्रम ऐकताना ठसका लागतो, असा अनुभव आहे!

मी अंबाजोगाईला फार्मसी शिकत होते. प्रबंधाचा विषय होता, फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर भरपूर पोटात गेली तर उंदरांच्या शरीरात काय होतं? बारा पांढरे उंदीर. सहांना फ्रुक्टोजचं पाणी, सहांना साधं. दोन महिने पाजायचं आणि मग रक्त तपासायचं. यात चुकायला जागा कुठंय?

होती हो! मी शोधून काढली.

रिपोर्ट हातात आले आणि मी उडालेच. साधं पाणी पिणाऱ्यांच्या रक्तात चरबी वाढलेली, साखर वाढलेली, पोटं सुटलेली. अन् फ्रुक्टोजवाले? एकदम पहिलवान! म्हणजे जगानं बिचाऱ्या फळसाखरेवर उगाच आळ घेतला होता आणि तो पुसणार होते मी, घाटनांदूरची लेक!

माझे मार्गदर्शक सर चार दिवस बाहेरगावी. मला दम कुठला? घरी आबांना फोन लावला. आबांना मधुमेह, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं.

“आबा, गोड खा! बिनधास्त खा! मी सिद्ध केलंय!”

“आगं, पर डागदर तर...”

“डॉक्टरांना काय कळतंय? माझे उंदीर बघा!”

सर आले. मी धावतच रिपोर्ट पुढं ठेवले. त्यांनी दोनदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“साध्या पाण्यानं चरबी वाढली?”

“हो सर! आजवर कुणाच्या लक्षातच आलं नाही!”

“अगं, मग आपण सगळे एव्हाना फुटलो असतो!”

तडक उंदरांच्या खोलीत गेलो. तिथं पिंजरे साफ करणारे रखमाजीमामा होते. सरांनी विचारलं, “मामा, यांना दुसरं काही खायला घातलं का?”

“न्हाई सर. पर म्या मॅडमला लई डाव इचारलं, ह्या साध्या पाण्याच्या बाटल्यांना मुंग्या कावून लागत्यात?”

“मग? मॅडम काय म्हणाल्या?”

“म्हणल्या, मामा, उन्हाळा हाय. मुंग्यांनाबी तहान लागती.”

सरांनी बाटलीतला थेंब बोटांवर चोळला. चिकट!

झालं काय होतं? पिंजऱ्यावर मी ‘सा’ लिहिलं होतं, साध्या पाण्याचा म्हणून. बाटलीवरही ‘सा’ लिहिलं होतं, साखरेच्या पाण्याची म्हणून. आणि दोन महिने रोज सकाळी, मोठ्या शिस्तीत, ‘सा’च्या पिंजऱ्याला ‘सा’ची बाटली! उरलेलं साधं पाणी फ्रुक्टोजवाल्यांना!

सर म्हणाले, “एक दिवसही बरोबर वागली नाहीस, म्हणून प्रयोग वाचला. गटांची नावं बदल. आणि चूक कशी झाली, तेही प्रबंधात लिही.”

पण माझं लक्ष कुठं होतं? आबा! चार दिवस! तिथूनच फोन लावला.

“आबा, गोड खाऊ नका! किती खाल्लं आत्तापर्यंत?”

“एक खडाबी न्हाई.”

“का? मी तर सांगितलं होतं!”

“सांगितलं हुतंस गं. पर मागल्या सुट्टीत पाहुण्यांच्या च्यात तू मीठ टाकलं हुतंस. म्हणलं, जिला घरातला साखरंचा डबा वळखू येईना, तिच्या शब्दावर गूळ कसा खावा?”