दुसऱ्या मजल्यावरची कावीळ

गरोदर बाईचं वजन वाढायच्या आधी किस्से वाढायला लागतात. वजन नंतर थोडंफार उतरतं, किस्से मात्र जन्माचे चिकटतात! आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, संध्याकाळचा चहा झाला की कोणी ना कोणी सुरू करतंच, "आणि तेव्हा आठवतंय का..." मग सगळे असे सांगतात, जणू त्यांना तेव्हा सगळं कळत होतं. खरं सांगू? कोणालाच काही कळत नव्हतं. सगळ्यात कमी मला, आणि पोट तर माझंच होतं!

* * *

सुरुवात केली ती आमच्या सासूबाईंनी.

त्याआधीच्या वर्षी मला एकदा दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. तोवर आईंनी आनंदाच्या भरात मजलाभर पेढे वाटले होते. मग तोच मजला एकेक करून विचारपूस करायला आला. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. शेवटी शेवटी तर बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे.

म्हणून या वेळी आईंनी हुकूम काढला, "तीन महिने या कानाचं त्या कानाला कळता कामा नये." ठरलं. पण उलट्यांना कोण सांगणार? आमच्या बाथरूमची खिडकी पॅसेजमध्ये उघडते आणि पॅसेजमध्ये समोरच्या शिर्के काकू भाजी निवडत बसलेल्या असतात. दोन-चार सकाळी माझा कार्यक्रम ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलंच, "राणे वहिनी, सूनबाईला काय होतंय हो?"

आई एरवी साधं खोटं बोलायचं तरी अडखळतात. पण त्या दिवशी ताडकन म्हणाल्या, "कावीळ!"

दार लावल्यावर मी म्हटलं, "अहो आई, पित्त सांगायचं ना!"

"पित्त तीन महिने टिकतं का? कावीळ लांबते."

संध्याकाळी आंबिवलीहून माझ्या मम्मीचा व्हिडिओ कॉल आला. तिला हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "विहीणबाई, असलं अभद्र बोलू नये घरात. वास्तू तथास्तु म्हणत असते!"

"आमची वास्तू भाड्याची आहे," आई म्हणाल्या. "ती कशाला आमच्या भानगडीत पडेल!"

* * *

दुसऱ्या दिवसापासून मजला कामाला लागला. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला, कोणी गूळ-फुटाणे. तेल, तिखट, लोणचं सगळं बंद करा असं आईंना बजावून गेले. आईंना वरणभाताशिवाय दुसरं काही करायची चोरी झाली, कारण फोडणीचा वास पॅसेजमध्ये जायचा!

शिर्के काकू सगळ्यांच्या पुढे. त्या गावच्या कोणाकडून तरी काविळीची माळ घेऊन आल्या. कसल्याशा मुळांचे बारके तुकडे दोऱ्यात बांधलेले. मला पाटावर बसवून त्यांनी ती टोपीसारखी डोक्यावर ठेवली. "काढायची नाय हां. आपोआप लांब होत खाली येते. माळ उतरली की कावीळ उतरली."

मग त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली. "वहिनी, डोळे तर पांढरेफटक आहेत हिचे!"

"आतली आहे ती," आई म्हणाल्या. "बाहेर दिसत नाही."

आठवडाभरात माळ माझ्या गळ्यात आली. आणि उलट्या दुप्पट झाल्या! शिर्के काकू पॅसेजमध्ये उभ्या राहून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होत्या. "माळ खाली येतेय आणि कावीळ वर चढतेय," त्या म्हणाल्या, "असली केस मी पहिल्यांदा बघते."

* * *

माझा नवरा मंदार. त्याला ही आयडिया फार आवडली. ऑफिसातून फोन केला की आजूबाजूला माणसं असणार, मग तो विचारायचा, "आज काविळीने काय खाल्लं?"

"काहीच नाही. काविळीला पाणीपुरी हवीये."

"बरं, येताना स्टेशनवरून आणतो काविळीसाठी पाणीपुरी."

शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणे न राहवून बोलले, "अहो राणे, काविळीत पाणीपुरी? मारून टाकाल बायकोला!" मंदार म्हणाला, "नाही सर, आमच्या काविळीला चालते."

मला तो शब्द बराच वाटायचा. 'बाळ' म्हणायची माझी हिंमतच होत नव्हती. मागच्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात 'बाळ, बाळ' करत बसलेले. कावीळ म्हटलं की गेली तर गेली, असं म्हणता यायचं. वाटायचं नाही, पण म्हणता यायचं.

* * *

आई राजापूरकडच्या, मम्मी साताऱ्याकडची. एकीचा तांदूळ, दुसरीची ज्वारी. मी मधे.

आई म्हणायच्या, सोलकढी पी, पित्त बसेल. मम्मी म्हणायची, कोकम अजिबात नको, बाधेल. मम्मी म्हणायची, जिने चढ-उतर कर, बाळंतपण सोपं जातं. आई म्हणायच्या, पाय उचलून पलंगावर ठेव. एकदा मम्मी ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन आली आणि त्याच वेळी आईंनी तांदळाच्या टाकलेल्या. दोघींनी एकेक भाकरी माझ्या ताटात वाढली आणि समोर बसल्या. मी आधी कुठल्या भाकरीचा तुकडा मोडते, इकडेच दोघींचं लक्ष! मला रडूच फुटलं. दोघी घाबरल्या. "काय झालं, काय दुखतंय?" मला सांगताच येईना. दुखत काहीच नव्हतं. मी आनंदात आहे की भीतीत, हेच मला समजत नव्हतं आणि वर भाकरी निवडायची होती!

पुढच्या चेकअपला मी डॉक्टर बाईंना विचारलं, "मॅडम, मी नक्की कोणाचं ऐकू?"

त्या प्रिस्क्रिप्शन लिहीत म्हणाल्या, "गोळ्यांच्या बाबतीत माझं. बाकी दोघींना भांडू दे. तोवर तू जेवून घे."

* * *

चौथा लागला. आता सांगायला हरकत नव्हती. या वेळी पेढे आणायला आईंचा हात धजेना, म्हणून त्या नुसत्याच शिर्के काकूंकडे गेल्या. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"वहिनी, गोड बातमी आहे. प्राजक्ताला दिवस गेलेत."

"अगबाई! म्हणजे कावीळ बरी झाली?"

"हो, झाली ना."

"आणि लगेच दिवस राहिले? कितवा?"

"चौथा."

शिर्के काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "वहिनी, चौथा म्हणजे... मग कावीळ कधी होती?"

आई म्हणाल्या, "मधे."

* * *

पाचव्यात सगळ्यांचा एकच प्रश्न. "हललं का?"

मला कसं कळणार? पोटात दिवसभर काही ना काही चालूच असायचं. आईंनी सांगितलं, फुलपाखरू फडफडल्यासारखं वाटतं. मम्मी म्हणाली, मासोळी सुळकन गेल्यासारखं. आता कोपरीत राहणाऱ्या मुलीच्या पोटात फुलपाखरू कधी गेलंय? आणि मासोळी गेली ती तळून!

कल्याणला माझ्या ऑफिसात सोनावणे मॅडम आहेत, विठ्ठलवाडीच्या. दोन पोरं कॉलेजात असलेली अनुभवी बाई. त्या म्हणाल्या, "ते फुलपाखरू-बिलपाखरू सोड. मोबाईल व्हायब्रेट होतो ना, तसं. बारीक. झालं की कळतंच."

दोन दिवसांनी मीटिंग चालू असताना ते झालं. बारीक, खालच्या बाजूला, घर्र. मी सोनावणे मॅडमचा हात गच्च धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साहेब टार्गेटबद्दल बोलत होते ते थांबले, त्यांना वाटलं मी टार्गेट ऐकून रडतेय! सोनावणे मॅडम माझ्या कानाशी आल्या. "हललं?" मी मान हलवली.

त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "मांडीवरचा फोन उचल. सासूबाईंचा आहे."

त्यानंतर मी कोणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं. हसं व्हायचं ते एकदा झालं, पुरे. आणि भीतीही होती. सगळ्यांची हलतात म्हणे या दिवसांत, मग माझं का नाही? डॉक्टर बाई म्हणत होत्या, सगळं ठीक आहे, कोणाला उशिरा कळतं. पण मागच्या वेळीही सगळं ठीकच होतं की, नसेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात डबा खाताना पुन्हा तसंच झालं. घर्र. मी मांडीवर हात फिरवला. फोन नव्हता. पर्स उघडली, पर्समध्ये नव्हता. पुन्हा घर्र झालं. मी वर बघितलं. सोनावणे मॅडम समोर बसल्या होत्या, भाजीचा घास हातातच राहिलेला. माझा फोन त्यांच्या डब्याशेजारी टेबलावर पडला होता, आवाज नाही की हालचाल नाही.

"काय गं?" त्या म्हणाल्या.

"मॅडम," मी म्हटलं, "बाळ."

* * *

नवव्यात वाद झाला तो बाळंतपण कुठे यावर. पहिलं माहेरी, हा नियम. पण माझ्या डॉक्टर बाई ठाण्यात, मम्मी आंबिवलीला. शेवटी तोडगा निघाला. मी माहेरी जायचं नाही, माहेरानेच माझ्याकडे यायचं! मम्मी ज्वारीचं पीठ घेऊन कोपरीत राहायला आली. पहिल्याच सकाळी शिर्के काकूंनी तिला पॅसेजमध्ये गाठलं आणि हळूच विचारलं, "ताई, तुमच्याकडे कावीळ आहे का हो घराण्यात?"

मम्मी म्हणाली, "नाही. ही सासरची."

* * *

आणि मग मुलगी झाली.

गोरीपान, हे एवढं जावळ. आईंनी तिला हातात घेतलं आणि नुसत्या रडत राहिल्या. मंदारला पेढे आणायला पाठवलं. त्याने विचारलं, "किती आणू?" आई म्हणाल्या, "दुकान आण!"

दोन दिवसांनी डॉक्टर बाई राउंडला आल्या. बाळाला उजेडात धरलं, नाकावर बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "रक्त तपासून घेऊ. थोडी कावीळ दिसतेय."

मंदार फसकन हसला. मलाही हसू आलं आणि टाके दुखले. मग मी आईंकडे बघितलं आणि हसू तिथेच थांबलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या होत्या.

"घाबरू नका," डॉक्टर बाई म्हणाल्या. "नव्या बाळांना बऱ्याचदा होते. रिपोर्ट बघून निळ्या दिव्याखाली ठेवू, जाईल."

पण आईंच्या कानात काही शिरत नव्हतं. "मी बोलले," त्या म्हणत होत्या. "तीन महिने रोज बोलले. मजल्यावर सगळ्यांना सांगितलं. माझ्याच जिभेला हाड नाही." एक बाळ गेलं होतं आणि हे दुसरं आपण आपल्या तोंडाने घालवतोय, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

आता मम्मी बोलणार, मला वाटलं. तिला हक्कच होता, तिने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मम्मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो विहीणबाई, भाड्याची वास्तू ती! तिचं कोण ऐकतंय?"

रिपोर्ट आला आणि बाळ दिव्याखाली गेलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. संध्याकाळी शिर्के काकू आल्या, हातात माळ. या वेळी इवलीशी, बांगडीएवढी. सिस्टरने दारातच अडवलं. डॉक्टर बाईही म्हणाल्या, "बाळाच्या जवळ काही न्यायचं नाही. मुळं नाही, अंगारा नाही, काही नाही."

काकूंचं तोंड पडलं. त्या परत फिरणार, तेवढ्यात आई उठल्या.

"बाळाला कशाला?" त्या म्हणाल्या. "खोटं मी बोलले. माझ्या डोक्यावर ठेवा."

"वहिनी, ही बारकी आहे हो. तुम्हाला कशी बसेल?"

"मोठी करा."

काकूंनी तिथेच बाकड्यावर बसून पिशवीतली उरलेली मुळं जोडली, माळ वाढवली आणि आईंच्या अंबाड्याभोवती ठेवली. आई बाळांच्या खोलीच्या काचेसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. डबा तिथेच, चहा तिथेच. येणारे-जाणारे वळून बघायचे. मंदार म्हणाला, "आई, लोक हसतायत." आई म्हणाल्या, "हसू देत. उतरू दे आधी."

दिवा आपलं काम करत होता. पिवळेपणा आधी कमी दिसायला लागला, मग रिपोर्टही चांगला आला. डॉक्टर बाईंनी बाळ उचलून आईंच्या मांडीवर दिलं. "घ्या, उतरली कावीळ. आज घरी जा." मग त्यांचं लक्ष गेलं. "आणि आजी, आता ती माळ काढा की!"

आईंनी एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्या हाताने माळ चाचपून बघितली.

"तिची उतरली हो," आई म्हणाल्या. "माझी आत्ता कुठे गळ्यापर्यंत आलीये!"